पट

कोनशिलेवर कोरलंय: स्थापना, सप्टेंबर १९४१.
फीत कुणी कापली, तेही आहे.
माझ्याकडे फक्त हा पट,
हिरव्या कापडी बांधणीचा, कोपरे झिजलेला,
त्रेसष्ट नावं, माझ्याच अक्षरात.

कॉलेज कसलं, हायस्कूलचा वरचा मजला,
तोही दुपारी चारनंतर.
खालची पोरं सुटली की वर आम्ही भरायचो.
बाकं लहान. एनो राउतियो, लाकूडतोड्याचा मुलगा,
त्याचे गुडघे बाकात मावत नसत,
सगळा तास तिरका बसून काढायचा,
आणि आरागिरणीचा भुसा खिडकीतून येऊन
निबंधांच्या वह्यांवर बसायचा.

डिसेंबरात त्याच खिडक्यांना काळे कागद लागले.
फेब्रुवारीत मी लाल शाईची दुसरी दौत फोडली.

बोर्डाचा नियम साधा:
पट विसाच्या खाली गेला, की कुलूप.

स्टेशनावर बँड वाजत होता.
जा, नाव काढ, म्हणत होतं गाव एकेकाला,
आणि इकडे वर मी
नावं काढत होते,
पट्टी धरून, सरळ रेघेत.

त्सुतोमू हामासाकीसाठी बँड नव्हता.
खांबावर नोटीस, माणशी जेमतेम सामान,
बापाच्या कालवांच्या वाफ्यांवर भरती येत-जात राहिली.
जाण्याआधी तो बीजगणिताचं पुस्तक परत करायला आला,
मुदतीच्या चार दिवस आधी.
मी पावती लिहिली: दंड, शून्य.
पावती दिली.
आणखी काही दिलं नाही.
काही बोललेही नाही, मागे रांग होती असं मी बरीच वर्षं सांगत आले.
रांग नव्हती.

नाव तेवढं खोडलं नाही.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: टपालाने.
गणिताच्या सॉर्ली सरांनी ते पाहिलं,
चष्मा पुसला, आणि शुक्रवारी पहिला धडा पोस्टात टाकला,
आयडाहोतल्या छावणीकडे.
उत्तरं यायची तेव्हा पाकिटाच्या घडीत वाळू असायची.
मी ती टेबलावरून पुसून टाकायची.
मग पुसायची थांबले.

तरीही पट एकोणीसवर आला.

त्या आठवड्यात दारात थीया हौगलँड उभी राहिली,
वय चव्वेचाळीस, माशांच्या कारखान्यातली,
हातांना सामनचा वास.
"जाळ धरायला शिकवतात ते इथेच का?"
तिच्यामागे जिन्यावर आणखी बावीस जणी.
गोदीला वेल्डर हवे होते, आणि रात्रपाळी बाराला सुटायची,
म्हणून आमचा तास साडेबाराला, बसच्या गराजमध्ये.
ठिणग्यांनी दोघींचे पदर नव्हे, भुवया गेल्या,
कुणी ड्रॉइंगच्या टेबलाखाली झोपायची,
कुणाचं मूल टायरांत.

बोर्डाचे एक गृहस्थ पाहायला आले. नाकाला रुमाल.
"याला कॉलेज म्हणायचं?"
थीयानं मुखवटा वर केला.
"तुम्ही ठरवा सावकाश. तोवर तार मागवा, संपत आलीय."

तार आली. दुसरी.
क्लिंट ओडेगार्ड कामी आला.
कुणाच्या कामी, ते लिहिलं नव्हतं.
रसायनाच्या प्रयोगवहीत त्याचा निष्कर्ष राहिलेला,
कृती पूर्ण, आकृती सुबक.

सेहेचाळीसात दोनशे चौदा आले,
खुर्च्या कमी, सिगारेटचा धूर, कुणी कुणाशी बोलेना.
एनो आला, कुबडी भिंतीला टेकवली,
जुन्या बाकात बसून पाहिलं.
"आता मावतो," म्हणाला.
हसावं की नाही, कुणालाच कळेना.
तोच हसला.

हामासाकीचा एकतिसावा धडा मात्र
सरांनी तपासून पाठवला, तो परत आला:
पत्त्यावर कुणी नाही.
तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकलंय,
बाकी सगळं बरोबर.

परवा एक मुलगा आला होता,
पट काचेच्या कपाटात ठेवणार म्हणे, वर्धापनासाठी.
कुठलं पान उघडं ठेवू, विचारत होता,
पहिलंच ठेवावं असं त्याच्या मनात.
पावतीचं अर्धुक अजून आत आहे,
पान फुगलंय तिथे.
मी त्याला चहा दिला.
सांगते म्हटलं.